आई निफाडला, फिजिओ नाशकात, मी पुण्यात: श्वासाच्या व्यायामावर लांबून लक्ष ठेवण्याचा आमचा अनुभव

मृण्मयी_निफाडकर

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज रविवार आहे तर बसलेच. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आईचं वय ६८. निफाड तालुक्यात गावात राहते, भाऊ-वहिनी सोबत आहेत, मी पुण्यात नोकरीला. तिला सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन कायम धाप लागण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार. विडी-सिगारेट, मिश्री, तंबाखू काही म्हणजे काही नाही, पण चाळीस वर्षं चुलीपुढे काढली आहेत. मागच्या वर्षी दिवाळीनंतर पाच दिवस दवाखान्यात होती, सोडताना "श्वासाचे व्यायाम करा" म्हणून तीन गोळ्यांचं ते प्लॅस्टिकचं यंत्र हातात दिलं आणि घरी पाठवलं. कसं करायचं ते कोणी दाखवलं नाही. मी संक्रांतीला गेले तेव्हा पाहिलं तर आई त्यात फुंकत होती. दीड महिना रोज नेमाने फुंकत होती, गोळ्या वर जात नाहीत म्हणून स्वतःलाच दोष देत होती. ते यंत्र ओढायचं असतं हे मला तरी कुठे माहीत होतं, पाकिटावरचं चित्र नीट बघितलं तेव्हा कळलं. मला त्या दिवशी फार रडू आलं.

मग ओळखीतून नाशिकच्या एक फिजिओताई मिळाल्या, त्या फक्त श्वसनाचंच बघतात. त्यांनी आधी आईची श्वास आत ओढायची ताकद मोजली. नळीत तोंड घालून जीव खाऊन श्वास ओढायचा, किती दाब तयार होतो ते यंत्र दाखवतं. तो सेंटिमीटर पाणी या मापात मोजतात. आईचा आला ४१. ताई म्हणाल्या ६० च्या खाली असला की स्नायू कमजोर धरतात, म्हणजे हिला या व्यायामाचा उपयोग होण्यासारखा आहे. मग स्प्रिंगचं एक छोटं यंत्र दिलं, त्यात ठराविक जोर लावल्याशिवाय झडप उघडतच नाही, जोर कमीजास्त करायला बाजूला खूण असते. ४१ च्या तीस टक्के म्हणजे साधारण १२ वर सुरुवात, सकाळी ३० श्वास, संध्याकाळी ३० श्वास, नाकाला चिमटा लावून.

निफाडहून नाशिकला दर आठवड्याला येणं शक्य नव्हतं, एसटीतच तिला धाप लागते. म्हणून ताईंनी वही करून दिली. तारीख, सेटिंग, किती श्वास झाले, व्यायामाआधी आणि नंतर ऑक्सिजन किती, नाडी किती, आणि दम किती लागला ते ० ते १० मधे. रात्री वहिनी त्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार आणि गुरुवारी दुपारी व्हिडिओ कॉल. बस, सुरुवातीला एवढंच.

चार आठवडे वही एकदम चोख. एक दिवस खाडा नाही. आणि चार आठवड्यांनी पुन्हा मोजलं तर ४३. म्हणजे काहीच फरक नाही म्हटलं तरी चालेल. आईचा चेहरा एवढासा झाला.

तेव्हा ताईंनी त्यांच्याकडचं डिजिटल यंत्र दोन महिन्यांसाठी भाड्याने दिलं. हे प्रत्येक श्वास नोंदवतं, किती जोर लावला, किती हवा आत गेली, किती वेगाने, दोन श्वासांत किती अंतर. फोनला ब्लूटूथने जोडलं की सगळं ताईंना तिकडे दिसतं. पहिल्याच आठवड्यात त्यांचा मला फोन. म्हणाल्या, संध्याकाळचे ३० श्वास सात-आठ मिनिटांत आणि मस्त खोल, सकाळचे ३० श्वास दोन मिनिटांत उरकलेले आणि निम्मीच हवा आत गेलेली. रोज असंच. वहीत दोन्ही वेळा "३०" लिहिलेलं होतं आणि आईने खोटं काही लिहिलं नव्हतं, तीसच केले होते तिने.

मग गुरुवारचा कॉल ताईंनी मुद्दाम सकाळी साडेसहाला लावला. आई ओसरीत बसली होती, मागे परसात बंब पेटलेला, सरपण ओलं, धूर सगळा आत येत होता. सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी तापवायचं म्हणून ती पहाटे बंब पेटवायची आणि मधल्या वेळात घाईघाईने व्यायाम उरकायची. घरात गॅस येऊन इतकी वर्षं झाली, आम्हा सगळ्यांना वाटत होतं चूल सुटली, धूर सुटला. डॉक्टरांनी प्रत्येक वेळी विचारलं "स्वयंपाक कशावर", आम्ही प्रत्येक वेळी सांगितलं "गॅसवर". आंघोळीचं पाणी कशावर हे कोणी विचारलं नाही आणि आम्हालाही सुचलं नाही.

भावाने त्या महिन्यात छतावर सोलर बसवून घेतला. सकाळचा व्यायाम नाश्त्यानंतर तासाभराने, देवघरासमोर, निवांत. आणखी आठ आठवड्यांनी दाब ५४, सेटिंग १२ वरून २२. सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीत आधी २५५ मीटर होती, आता २९०. मारुतीच्या देवळापर्यंत जाताना तीनदा बसायची, आता पिंपळाच्या पारावर एकदाच टेकते.

आता प्रश्न. यंत्र परत द्यायची वेळ आली आहे. विकत घ्यायचं तर आम्हाला जड जातंय. साध्या स्प्रिंगच्या यंत्रावर आणि वहीवर परत गेलो तर चालेल का? आणि हा व्यायाम जन्मभर करायचा असतो का? कोणी केलं असेल तर सांगा.

---

राघवेंद्र_क

ताई, फार छान लिहिलंत, बंबाचं वाचून काटा आला कारण आमच्या घरी भुसावळला अजूनही बंबच आहे आणि बाबांना दमा आहे.

एक भाबडी शंका, हे सगळं यंत्र वगैरे करण्यापेक्षा प्राणायाम नाही का चालणार? माझे काका रोज शंख वाजवतात, ७५ वर्षांचे आहेत, ते म्हणतात फुप्फुसासाठी याच्यासारखं काही नाही.

---

फिजिओ_मिरजवाली

मी याच कामात आहे म्हणून लिहिते. (मृण्मयी, तुमच्या नाशिकच्या ताईंना माझा नमस्कार सांगा, सकाळी साडेसहाला कॉल लावायचं सुचणं हे खरं कौशल्य.)

@राघवेंद्र, शंका अजिबात भाबडी नाही, माझ्याकडे येणारे निम्मे लोक हेच विचारतात. शंख वाजवताना जोर लागतो तो श्वास बाहेर सोडायला. आईंचा व्यायाम आहे श्वास आत ओढायच्या स्नायूंचा, त्यात मुख्य डायफ्राम, छाती आणि पोटाच्या मधला पडदा. हा पडदा घुमटासारखा असतो, आकसला की खाली जातो आणि हवा आत येते. सीओपीडीत हवा आत अडकून राहते, फुप्फुसं फुगलेली राहतात आणि तो घुमट दाबून ताटासारखा सपाट होतो. सपाट पडद्याला खाली जायला जागाच कमी, म्हणून त्याला प्रत्येक श्वासाला दुप्पट राबावं लागतं आणि माणसाला दम लागतो.

प्राणायाम वाईट नाही, मन शांत होतं, श्वास संथ होतो, जरूर करा. पण त्यात किती वजन उचललं हे मोजता येत नाही आणि आठवड्याला वाढवता येत नाही. स्नायू कुठलाही असो, दंडाचा किंवा श्वासाचा, तो बळकट होतो वजन हळूहळू वाढवल्यावरच. तीन गोळ्यांच्या यंत्राचंही तेच, ते ऑपरेशननंतर फुप्फुसाचे कोपरे उघडे राहावेत म्हणून खोल श्वास घ्यायची आठवण देतं, त्यात ठरवून लावलेला विरोध नसतो. लोक ते फुंकतात हे मी रोज बघते, कृपा करून कोणी स्वतःला दोष देऊ नका, दाखवायचं काम आमचं असतं.

आता मृण्मयीचे प्रश्न.

सोडून दिलं तर मिळवलेली ताकद काही महिन्यांत उतरते. पण टिकवायला रोज दोनदा करायची गरज नसते, आठवड्यातून दोन-तीन दिवस त्याच सेटिंगवर केलं तरी बऱ्यापैकी टिकते. आई रोज एकदा करत असतील तर उत्तमच, सवय मोडत नाही.

डिजिटल यंत्र कायमचं हवंच असं नाही. माझ्या मते त्याचा खरा उपयोग पहिल्या दीड-दोन महिन्यांत, पद्धत बसेपर्यंत. नंतर साधं यंत्र आणि वही चालेल, फक्त वहीत एक रकाना वाढवा: सुरू केल्याची वेळ आणि संपल्याची वेळ. ३० श्वास दोन मिनिटांत झाले तर ते वहीतच दिसेल. आणि आठवड्यातून एकदा वहिनींनी एक मिनिटाचा व्हिडिओ काढायचा, बाजूने, खांदे आणि पोट दोन्ही दिसतील असा. खांदे कानापर्यंत जातायत का, श्वास पूर्ण सोडून मग ओढतायत का, ओठांच्या कडेने हवा जातेय का, नाकाचा चिमटा आहे का, हे मला त्या व्हिडिओत आलेखापेक्षा चांगलं दिसतं.

सेटिंग कधी वाढवायचं तर दम "४ ते ६" च्या मधे असेल तर आहे तेच ठेवा, ३ च्या खाली यायला लागला की थोडं वाढवा, ७ च्या वर गेला तर कमी करा. आपल्या मनाने एकदम उडी मारू नका.

---

छातीरोगवाला

डॉक्टर म्हणून दोन-चार गोष्टी, कारण हा धागा वाचून उद्या कोणीतरी ऑनलाइन यंत्र मागवणार आणि सुरू करणार.

हा व्यायाम सगळ्यांसाठी नाही. नुकतंच फुप्फुसाभोवती हवा जमून फुप्फुस दबलेलं असेल, फुप्फुसात मोठे फुगे असतील, कानाचा पडदा फाटलेला असेल, दमा अजून ताब्यात नसेल, हाडं ठिसूळ होऊन बरगडी मोडली असेल तर छातीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. करताना चक्कर आली, छातीत दुखलं, तर थांबा. इनहेलर बंद करून हा व्यायाम, असं तर कधीच नाही.

दुसरं म्हणजे अपेक्षा. सीओपीडीच्या रुग्णाला चालणं, हातापायाचे व्यायाम, आहार, शिकवण असा पूर्ण पुनर्वसनाचा कार्यक्रम मिळत असेल तर त्याच्यावर हे यंत्र जोडून चालण्याच्या अंतरात फार भर पडते असं अभ्यासांत दिसलेलं नाही, स्नायूंची ताकद मात्र वाढते. ज्यांना तो कार्यक्रम मिळतच नाही, म्हणजे आपल्याकडचे बहुतेक सगळे, त्यांना नुसत्या या व्यायामानेही दम कमी लागायला मदत होते. म्हणून आईंचं चालणं सोडू नका, देवळापर्यंतची फेरी ही औषधासारखीच.

ऑक्सिमीटरबद्दल. थंडीत बोटं गार असली, नेलपॉलिश असलं, हात हलत असला की आकडा चुकतो. सावळ्या कातडीवर तो कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो, आपल्यासाठी हे महत्त्वाचं. हात चोळून गरम करा, मिनिटभर स्थिर धरा, मग वाचा. सीओपीडीच्या बऱ्याच रुग्णांना मुळातच ८८ ते ९२ च्या आसपास ठेवायचं असतं, तेव्हा शेजाऱ्याच्या ९८ शी तुलना करून घाबरू नका.

आणि बंब! मृण्मयी, हे तुम्ही लिहिलंत म्हणून मी तुमचा ऋणी आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीवर लिहिलं, त्यात लाकूड-गोवऱ्यांच्या धुराचं कारण ठळकपणे मांडलं होतं. हे सगळं पाठ असून मी स्वतः आजवर रुग्णाला "स्वयंपाक कशावर" एवढंच विचारत आलो. उद्यापासून "आंघोळीचं पाणी कशावर" हेही विचारणार.

---

भालचंद्र_सोलापूर

माझी बायपास पुढच्या महिन्यात ठरली आहे, वय ६६, पूर्वी सिगारेट होती, आता सोडली. ऑपरेशनआधी असा व्यायाम केला तर फायदा होतो का? मुलगा हैदराबादला, इथे आम्ही दोघंच.

---

छातीरोगवाला

@भालचंद्रकाका, होतो, आणि याचा पुरावा चांगला आहे. नेदरलँड्समधल्या युट्रेख्तला बायपासच्या आधी किमान दोन आठवडे हा व्यायाम करून घेतला होता, २७९ रुग्ण होते, सगळे फुप्फुसाच्या गुंतागुंतीचा धोका जास्त असलेले. २००६ मधे जामा या वैद्यकीय नियतकालिकात आलं. व्यायाम केलेल्यांत ऑपरेशननंतर फुप्फुसाचा त्रास १८ टक्क्यांना, न केलेल्यांत ३५ टक्क्यांना. तुम्हाला कामाची गोष्ट ही की ते रोज वीस मिनिटं करायचे, आठवड्यातले सहा दिवस घरी आपले आपण आणि एक दिवस फिजिओसमोर. म्हणजे तुम्ही सोलापुरात बसून आठवड्याला एकदा व्हिडिओ कॉल किंवा भेट, असं जमण्यासारखं आहे. पण तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना आधी विचारा, छातीत दुखणं अजून स्थिर नसेल तर ते नको म्हणू शकतात, आणि त्यांचंच ऐका.

---

जर्सीकर_वहिनी

मी न्यू जर्सीत रेस्पिरेटरी थेरपिस्ट (श्वसनाचे उपचार करणारी) आहे, माहेर चिपळूणचं. इकडे २०२२ पासून मेडिकेअरने (म्हाताऱ्या माणसांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) अशा लांबून केलेल्या उपचार-देखरेखीसाठी वेगळे बिलाचे कोड काढले, श्वसन आणि हाडं-स्नायू हे त्यातले सुरुवातीचे दोन प्रकार. तेव्हा नियम असा होता की ३० दिवसांत किमान १६ दिवसांची नोंद आली पाहिजे, तर यंत्राचे पैसे मिळतात. याचा चांगला परिणाम म्हणजे थेरपिस्टला फोन करायला वेळ मिळतो कारण त्या वेळेचे पैसे मिळतात. वाईट म्हणजे काही ठिकाणी १६ दिवस भरले की सगळे खूश, आलेखात काय आहे ते कोणी उघडून बघत नाही. आईंच्या केसमधे ३० पैकी ३० दिवस भरले होते आणि तरी व्यायाम होत नव्हता, हे मी आमच्या टीमला सांगणार आहे, नाव-गाव न सांगता.

एक विचारायचं होतं, रेंजचं कसं केलंत? माझ्या आईकडे चिपळूणला पावसाळ्यात चार-चार दिवस नेट नसतं.

---

मृण्मयी_निफाडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. वेळेचा रकाना आजच वहीत आखायला सांगितला.

@जर्सीकर_वहिनी, खुशाल सांगा. रेंजचं म्हणाल तर यंत्रात नोंदी साठून राहतात, नेट आलं की एकदम जातात, तोपर्यंत वहिनी साधा एसएमएस करायची, "३० झाले दम ४", तेवढं तर जातंच. आणि ताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की हे तातडीचं साधन नाही, त्या काही रात्रंदिवस फोनसमोर बसलेल्या नाहीत. डॉक्टरांकडून एक कागद लिहून घेतलाय, तो फ्रिजवर लावला आहे: बसल्या जागी ऑक्सिजन ८८ च्या खाली आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच, कफाचा रंग बदलला, नेहमीपेक्षा जास्त वेळा पंप घ्यावा लागला, बोलताना वाक्य पुरं होत नाही, तर वाट न बघता सरळ दवाखाना. कोणाला मेसेज करत बसायचं नाही.

---

सुनेत्रा_ठाणे

मी जरा वेगळं लिहिते, राग मानू नका. आम्ही बाबांना असंच अ‍ॅपला जोडलेलं यंत्र आणलं, तीन आठवड्यांत त्यांनी कपाटात ठेवून दिलं. म्हणाले, आयुष्यभर ऑफिसात मस्टरवर सही केली, आता श्वासाची पण हजेरी का. मला तेव्हा वाईट वाटलं, चिडलेही. नंतर लक्षात आलं की आम्ही तिघं भावंडं फॅमिली ग्रुपवर रोज त्यांचा आलेख टाकत होतो आणि "बाबा आज १८च?" असं लिहीत होतो. माणूस आजारी आहे, त्याला लाज वाटते हो. आणि ती माहिती कुठल्या कंपनीकडे जाते, कोण बघतं, हे तर आम्ही वाचलंच नव्हतं, सगळीकडे ओके ओके करत गेलो. मृण्मयी, तुमच्या आईंना असं काही वाटलं नाही का?

---

मृण्मयी_निफाडकर

@सुनेत्राताई, राग कसला, बरं झालं विचारलंत. वाटलं ना. सकाळचे श्वास उथळ आहेत हे ताईंनी पहिल्यांदा सांगितलं त्या दिवशी आई दोन दिवस गप्प होती, मग मला म्हणाली, "ते यंत्र माझी चहाडी करतं." मला काय बोलावं सुचेना. मी फक्त ताईंना ते सांगितलं.

पुढच्या गुरुवारी ताईंनी आईला विचारलं, मावशी, हे आकडे कोणी बघायचे ते तुम्ही ठरवा. आई म्हणाली तुम्ही रोज बघा, मृण्मयीला आठवड्यातून एकदा, मुलाला दाखवू नका, तो उगाच काळजी करतो. तेव्हापासून तसंच आहे. मला गुरुवारीच दिसतं. मधल्या दिवसांत फार वाटलं तर मी आईला फोन करते, पण श्वासाचं विचारत नाही, कांद्याचं विचारते, ती स्वतःहून सांगते. आणि ताई कॉलमधे आधी जे चांगलं झालं ते दाखवतात, "हा बघा मावशी, मंगळवारचा बावीसावा श्वास, आतापर्यंतचा सगळ्यात खोल." आईला आता मंगळवारचा बावीसावा श्वास पाठ आहे.

तुमच्या बाबांना एकदा विचारून बघा, ग्रुपवर काही येणार नाही, फक्त फिजिओ बघेल असं ठरवलं तर तयार होतील कदाचित.

---

सुनेत्रा_ठाणे

हे आम्हाला का सुचलं नाही. ग्रुपवरचे जुने आलेख आत्ता डिलीट केले. बाबांशी उद्या बोलते.

---

राघवेंद्र_क

काल भुसावळला बाबांशी बोललो. बंब सध्या तरी परसाच्या पार टोकाला नेतोय आणि पेटवायचं काम माझ्याकडे, बाबांनी तिकडे फिरकायचं नाही. गिझरचं पुढच्या पगाराला. बाबा म्हणाले एवढ्या वर्षांत कोणी सांगितलं नाही.

---

मृण्मयी_निफाडकर

तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय. डिजिटल यंत्र परत दिलं. जाताना आईने ते स्वच्छ पुसून, माऊथपीस धुऊन वाळवून, रुमालात गुंडाळून दिलं. साध्या यंत्रावर आता रोज एकदा, सेटिंग २४. नवीन वहीत सुरू-संप वेळ आईच लिहिते, स्वतःच्या अक्षरात, वहिनीला हात लावू देत नाही. आजचं पान: ८.४० ते ८.४८, ३० श्वास, आधी ९३ नंतर ९२, दम ४. खाली पेन्सिलीने लिहिलंय, "सोनल्या रडत होता, मधे थांबले, परत केले." सोनल्या म्हणजे भावाचा धाकटा. ताईंनी फोटो बघून उत्तर पाठवलं की थांबलात ते बरोबर केलंत.

@भालचंद्रकाका, तुमचं ऑपरेशन झालं का? कळवा.